सवलतीचा नफा आणि शेजाऱ्याचे नाव

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुसरबीडसारख्या गावातही आता सोयाबीनच्या सुगीबरोबर दुसरी एक सुगी येते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर इंटरनेटवरील दुकाने मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांवर भरघोस सूट देतात. ठरावीक बँकेचे कार्ड वापरल्यास आणखी सूट मिळते, किंवा काही रक्कम परत येते. अशा वस्तू आपल्या व इतरांच्या कार्डांवर घ्यायच्या आणि नफा ठेवून इंटरनेटवरच विकायच्या, हा अनेक तरुणांचा जोडधंदा झाला आहे. हा व्यापार म्हणावा की लबाडी?

हा धंदा का फोफावला, हे समजणे कठीण नाही. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ भरविला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दहा तासांत ६०० कोटी रुपयांची विक्री झाली. परंतु असंख्य ग्राहकांच्या हाती काही लागले नाही आणि संस्थापकांना त्यांची माफी मागावी लागली. त्याच वर्षी शाओमीचे मोबाइल विक्रीस आले की काही सेकंदांतच संपत. मागणी उदंड आणि माल मोजका असला, की मधला विक्रेता उभा राहतोच.

स्वस्त घेऊन महाग विकणे हे मुळातच पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात याच प्रश्नाचा ऊहापोह केला. नफा स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही. घर चालविण्यासाठी, गरजूंना साहाय्य करण्यासाठी, आपल्या श्रमांचा मोबदला म्हणून मिळविलेला माफक नफा उचित होय, असा त्यांचा निर्वाळा आहे. ज्याच्याजवळ कार्ड नाही, अशा शेतमजुराला कोणी दुकानापेक्षा कमी दरात मोबाइल मिळवून दिला, तर त्याने सेवाच केली.

परंतु सूट काही आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी सोसतो, नाहीतर ती वेगळ्या नावाने वसूल होते. म्हणूनच सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. कारण व्याज शुल्काच्या आड दडविले जात होते. सूट देणारा जेव्हा ‘एका ग्राहकास एकच’ अशी अट घालतो, तेव्हा पुष्कळांना वाटा मिळावा हा तिचा हेतू असतो. दहा नावे पुढे करून दहा वाटे उचलणारा ती अट खोटे बोलून ओलांडतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही फेरविक्रीसाठी माल घेणाऱ्यास ‘ग्राहक’ मानलेले नाही. ‘कंपन्या तरी कुठे सरळ आहेत?’ असे कोणी विचारील. मान्य! पण लबाडीची सवय मोठ्यांपासून सुरू होते आणि शेजाऱ्यापाशी येऊन पोहोचते.

ती पोहोचते ती अशी. दोनशे-पाचशे रुपये देऊन शेजाऱ्याचे कार्ड वापरले जाते. वस्तू एकाच्या हाती, नफा एकाच्या खिशात आणि कर्ज मात्र दुसऱ्याच्या नावावर! माल वेळेत खपला नाही, हप्ता चुकला, तर थकबाकीची नोंद कार्डधारकाच्या नावे होते. जूनमध्ये पेरणीच्या वेळी तो बँकेच्या दारात उभा राहतो, तेव्हा ती नोंद त्याच्या आडवी येऊ शकते. दोनशे रुपयांत त्याने काय विकले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता खरेदीदाराविषयी. सिसेरोने एक प्रश्न मांडला होता: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्याची आणखी जहाजे मागून येत आहेत, हे पहिल्या व्यापाऱ्याने सांगावे काय? सांगावे, असे सिसेरोचे मत. न सांगणे हा अन्याय नव्हे, पण सांगणे अधिक सद्गुणाचे, असे संत थॉमस म्हणतात. मात्र मालातील दोष लपविणे त्यांनाही मान्य नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात भाव उतरेल, हे विक्रेत्याने न सांगितले तर ते एक वेळ क्षम्य. परंतु बिल दुसऱ्याच्या नावे आहे आणि वॉरंटीची मुदत खरेदीच्या तारखेपासूनच सुरू झाली आहे, हे दडविणे क्षम्य नाही. खरेदीदाराचे उद्याचे नुकसान त्या मौनातच दडलेले असते.

म्हणून आमच्या तरुणांपुढे आम्ही एकच कसोटी ठेवतो. सूट देणारा, नाव देणारा आणि वस्तू घेणारा या तिघांना एकत्र बसवून सारा व्यवहार मोकळेपणी सांगता येईल काय? येत असेल, तर तो नफा कष्टाचा आहे. तो निर्धास्तपणे घरी न्यावा. तिघांपैकी एकालाही उठून जाण्यास सांगावे लागत असेल, तर त्याच्याच वाट्याचे काहीतरी आपण उचलले आहे, हे ओळखावे आणि ते परत करावे.