गोड बोला, पण खरं बोला



या वेळी लिहिण्याची सेवा माझ्याकडे आली आहे. विषय जरा वेगळा वाटेल, पण आपल्या ग्रुपमधल्या बऱ्याच घरांत आता मुलं-मुली डॉक्टर होत आहेत, कोणी परदेशीही निघालं आहे. म्हणून लिहिते. प्रश्न एवढाच आहे: ज्या खोट्यानं कोणाचं थेट नुकसान होत नाही आणि आपल्या लेकराचं भलं होऊ शकतं, ते खोटं चालतं का?

संक्रांतीला माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नागपूरहून रामाकोन्याला आला होता. एमबीबीएस झाला आहे. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज केलाय. रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडचं एमडी समजा, हॉस्पिटलात काम करत करत शिकायचं. परीक्षा आणि अर्जांपायी घरावर कर्ज झालेलं. पाच ठिकाणी मुलाखती झाल्या, त्याही लॅपटॉपवर, आपल्या रात्रीच्या वेळी. हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, एक विचारू?"

आधी तिथली पद्धत सांगते. आपल्याकडे नीट-पीजीचा रँक येतो, ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा, लॉक करायचा, रँकप्रमाणे जागा मिळते. कॉलेजला पत्र लिहून काही होत नाही. तिथे तसं नाही. मुलाखतीनंतर मुलगा आपल्या पसंतीची यादी भरतो, हॉस्पिटलं त्यांच्या पसंतीची भरतात, आणि कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. याला ते 'मॅच' म्हणतात. 1952 पासून ही पद्धत सुरू आहे. याद्या साधारण मार्चच्या सुरुवातीला बंद होतात. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी कळतं की जागा मिळाली का, आणि शुक्रवारी कळतं कुठे मिळाली.

मुलाखत संपल्यापासून यादी बंद होईपर्यंतचे दिवस फार कठीण. हातात काही नसतं, म्हणून मुलं हॉस्पिटलांना पत्रं लिहितात. एक पत्र नुसती आवड कळवणारं. दुसरं शब्द देणारं: 'माझ्या यादीत मी तुम्हाला पहिलं ठेवतो आहे.' पहिला नंबर एकच असतो, म्हणून हे दुसरं पत्र एकाच ठिकाणी पाठवायचं असतं. आमच्या पठ्ठ्यानं तीन पत्रं लिहून ठेवली होती आणि तिन्हींत 'तुम्हीच पहिले' होतं.

"सगळेच असं करतात मावशी. आणि नियमच म्हणतो की पत्र कोणावर बंधनकारक नाही. मग पाठवू ना?"

खरं सांगते, मी म्हणाले, "पाठव बेटा. कोण बघायला येतंय?" त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि भांडी घासायला गेले.

रात्री मात्र झोप लागेना. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आठवण येत राहिली. मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या सुमारास आंबिया बहाराचा सौदा झाला, संत्रा झाडावरच दिला आणि व्यापाऱ्याकडून इसार घेतला. आठ दिवसांनी दुसरा व्यापारी आला, तो बराच जास्त भाव द्यायला तयार. घरात सगळे म्हणाले, इसार परत करा. मामाजी म्हणाले, "तो माणूस माझ्या शब्दावर दुसरा बगीचा सोडून गेला. त्याचे पैसे परत देता येतील, तो बगीचा कुठून देऊ?" त्या वर्षी आमचं नुकसान झालं. पुढे काही चमत्कार होऊन ते भरून निघालं, असंही नाही. भाच्याला मात्र मी काय सांगून बसले होते?

पण भाचा हुशार आहे, म्हणून त्याच्या बाजूनंही विचार केला. इथे इसार नाही. हॉस्पिटलनं त्याला वर ठेवलं आणि तो दुसरीकडे गेला, तर कॉम्प्युटर त्यांच्या यादीतला पुढचा माणूस घेतो. जागा वाया जात नाही. मग बिघडलं कुठे?

मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट, नियमाचा अर्थ. मॅच चालवणाऱ्या संस्थेचं, म्हणजे नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रामचं म्हणणं असं की दोन्ही बाजूंना आपली आवड स्वतःहून कळवता येते, पण 'आम्हाला कितवं ठेवणार' असं समोरच्याला विचारू नये, वचन मागू नये. बंधन फक्त यादीचं. हा नियम कशासाठी? पत्र लिहिल्यावरही मुलाला मन बदलता यावं, कोणी त्याच्यावर दबाव आणू नये, यासाठी. म्हणजे मन बदलायची मोकळीक आहे. आज मनापासून लिहिलं आणि दहा दिवसांनी विचार बदलला, तर ते खोटं नाही. पण लिहितानाच माहीत आहे की हे खरं नाही, तर मन बदललंच कुठे? नियमानं बांधलं नाही म्हणून आपलं खोटं खरं होत नाही.

दुसरी गोष्ट, नुकसान कोणाचं. ज्या मुलानं एकच पत्र लिहिलं, अगदी खरं लिहिलं, त्याचं पत्र आमच्या भाच्याच्या तीन पत्रांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं. वाचणारा म्हणतो, सगळेच असं लिहितात. खोट्या नोटा बाजारात आल्या की दुकानदार खरी नोटही उजेडात धरून बघतो. आपलं खोटं त्या अनोळखी मुलाचं खरं स्वस्त करतं. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो कोणाचं नुकसान नाही.

मधला रस्ता पण असतो. 'मी तुम्हाला खूप वर ठेवणार आहे' असं लिहायचं, समोरच्यानं पहिलं समजलं तर समजू द्यायचं. चौथ्या नंबरच्या ठिकाणाला असं लिहिलं, तर शब्द कदाचित पकडता येणार नाही, हेतू मात्र फसवण्याचाच. युधिष्ठिराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, पण ते वाक्य द्रोणाचार्यांची समजूत चुकावी म्हणूनच बोललं गेलं. जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला.

गंमत अशी की जिथे खरं बोलायची सगळ्यात जास्त भीती वाटते, ती यादी, तिथेच खरं बोलणं सगळ्यात सुरक्षित आहे. 1962 मध्ये गेल आणि शॅपली या दोन गणितज्ञांनी एक लेख लिहिला, त्याच्या नावातच कॉलेज प्रवेश आणि लग्न दोन्ही होते! जोड्या कशा लावाव्या म्हणजे टिकतील, हा त्यांचा प्रश्न. मॅच त्याच धर्तीवर चालते. पुढे ॲल्विन रॉथ यांनी ती सुधारली, आणि त्यांना व शॅपली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हिशोब मुलाच्या पसंतीपासून सुरू होतो. अवघड ठिकाण पहिलं लिहिलं आणि ते मिळालं नाही, तरी दुसऱ्या ठिकाणची संधी कमी होत नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहायचा, चलाखी करून फायदा नाही.

सकाळी मी भाच्याला म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलं." तो काही बोलला नाही. बहिणीचा मात्र फोन आला, "तुझ्या सत्संगासाठी माझ्या लेकराचं वर्ष घालवू नको." तिचंही चूक नाही. कर्ज तिच्या घरावर आहे, माझ्या नाही. मी तिला एवढंच म्हटलं की निर्णय त्याचा, पण मावशी म्हणून मी चुकीचा सल्ला देऊन गप्प बसू शकत नाही.

दोन दिवसांनी त्यानं एक पत्र ठेवलं, दोन खोडली. जे मनात खरंच पहिलं होतं, तिथे तसं लिहिलं. बाकी चार ठिकाणी आभार मानले आणि तिथलं काय आवडलं ते लिहिलं. ते सगळं खरंच होतं. गोड बोलायला खोटं लागत नाही.

एका ठिकाणाहून उत्तर आलं, 'तुमच्यासोबत काम करायला आम्हाला आवडेल.' बहिणीनं देवापुढे साखर ठेवली. तिलाही सांगावं लागलं की हे पक्कं नाही, असं ते अनेकांना लिहीत असतील. दुसऱ्याचं गोड बोलणं वचन समजून त्यानं यादी बदलू नये. त्यानं बदलली नाही.

निकाल अजून यायचा आहे. शुक्रवारी काय होईल ते गुरुमाउलींनाच ठाऊक. खरं बोलला म्हणून मिळेलच असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर तेही खोटंच होईल. नाही मिळालं तर बहीण मला बोलेल, आणि मी ऐकून घेईन.

आपल्या गुरुमाउली सांगतात की सत्याची परीक्षा मोठ्या प्रसंगी कमी आणि रोजच्या छोट्या फायद्यापाशी जास्त होते. मुलीसाठी एकाच वेळी दोन स्थळांना 'तुमचंच पक्कं' म्हणताना, नोकरीसाठी दोन ठिकाणी 'मी येतोच' म्हणताना, जरा थांबून बघू या. आणि घरातली मुलं 'पाठवू ना?' असं विचारतात, तेव्हा त्यांना आधीच थोडं खटकलेलं असतं. नाहीतर त्यांनी विचारलंच नसतं. तेवढ्या वेळी 'कोण बघायला येतंय' असं आपण म्हणू नये.

त्याच्यासाठी आणि निकालाची वाट बघणाऱ्या सगळ्या मुलांसाठी शुक्रवारी एक माळ जास्त करावी, ही विनंती.

आपली एक सेवेकरी भगिनी,
रामाकोना 🙏