इच्छा कोणाची?

सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाला आज्ञापालन निराळे शिकवावे लागत नाही. हुकूम येतो, त्यावर क्रमांक असतो, तारीख असते, खाली सही असते. शंका आलीच तर खुलासा मागविता येतो. परमेश्वराच्या इच्छेचे तसे नाही. ती पृथ्वीवर पूर्ण व्हावी असे आम्ही ख्रिस्ती लोक प्रभूच्या प्रार्थनेत लहानपणापासून मागत आलो. पण दिल्लीतल्या एका खोलीत, सकाळी चहा उकळत असताना, ती नेमकी कोणती हे ओळखावे कसे?

गेल्या वर्षी मला बढती मिळाली, पण गुवाहाटीला बदलीसह. नाकारली तर वर्षभर पुन्हा विचार होत नाही, हा नियम वाचकांपैकी पुष्कळांना पाठ असेल. नगरकडे आई थकलेली. तिचे सारे वहिनी करते. मी आठ दिवस नेमाने प्रार्थना केली. आठव्या दिवशी मन शांत झाले. ही शांती म्हणजेच देवाचा होकार, असे मी धरून चाललो. मग खण उघडताना ध्यानात आले की, संमतिपत्राचा मसुदा मी दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवला होता! मी मार्गदर्शन मागत नव्हतो. तयार टिपणावर सही मागत होतो. गेथशेमाने बागेत प्रभूनेदेखील स्वतःला काय हवे ते आधी उघड सांगितले आणि मग ते पित्याच्या हाती सोपविले. मला बढती हवी आहे, एवढे साधे वाक्य माझ्या प्रार्थनेत एकदाही आले नव्हते.

इग्नाशियस लोयोला याच्या साधनापर ग्रंथास १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात एक युक्ती आहे. कोणी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आपल्याकडे आला, तर त्याला काय सांगू, याचा विचार करावा. मी करून पाहिला. मी त्याला म्हटले असते, "बाबा, भार ज्यांच्या अंगावर पडणार, त्यांना विचारलेस का?"

येथे रेव्हरंड टिळक आठवल्यावाचून राहत नाहीत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. त्यांना ऐकू आलेली हाक खोटी होती, असे म्हणण्याची माझी छाती नाही. पण तिची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तोवरचा वियोग 'स्मृतिचित्रे'त वाचताना हसू येते आणि त्याच पानावर पोटात तुटते. एकाला आलेल्या हाकेचा खर्च दुसऱ्याच्या खाती पडावा, हेही देवाच्याच इच्छेत बसते काय? मला याचे उत्तर सापडलेले नाही.

मी घरी फोन केला. आई म्हणाली, "देवाला विचारलंस ना? मग जा." मी वहिनीला फोन द्यावयास सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊजी, हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. जा तुम्ही. पण नाताळनंतर पंधरा दिवस मला माहेरी जाऊ द्या. तेवढे दिवस आईंचं तुम्ही करा. न्हाऊ घालण्यापासून सगळं."

संमतिपत्र मी पाठविले. त्याआधी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, याचा मात्र बराच वेळ विचार करीत बसलो.