यंत्राला आई नसते

गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी चित्रकार अँडी वॉरहॉलचा निकाल चार वाक्यांत लावला. वॉरहॉल म्हणजे बाजाराची झेरॉक्स. त्याला मूळ नाही, श्रद्धा नाही, हात नाही. आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच त्याला चोर ठरवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसलो, ते अजून खुपते. म्हणून हा लेख.

मुळापासून सुरुवात करू. अँडीचे आईवडील, आंद्रेय आणि जूलिया वॉरहोला, कार्पेथियन डोंगरांतल्या मिकोवा या खेड्यातले. ते गाव आज स्लोव्हाकियात येते. हे रुसीन लोक, भाषा आणि चर्च यांच्या आधाराने टिकलेले. १९२८ साली अँडी पिट्सबर्गमध्ये जन्मला. वडील मजुरी करत. रविवारी कुटुंब सेंट जॉन क्रिसॉस्टम या बिझंटाइन कॅथलिक चर्चमध्ये जाई. तिथे वेदीपुढे संतचित्रांची भिंत असते. ओळीत मांडलेले चेहरे, थेट समोर पाहणारे, चपटे, सोनेरी पार्श्वभूमीवर. प्रार्थना लांबत जाई आणि त्या मुलाच्या डोळ्यांसमोर ते चेहरे असत. अशी चित्रे काढणाऱ्याकडून कुणी नावीन्य मागत नाही. परंपरेने आलेला चेहरा जसाच्या तसा पुढे द्यायचा, एवढेच त्याच्याकडे मागणे असते.

आता १९६२ चा जुलै घ्या. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे फळीवर रांगेत उभी होती. ऑगस्टमध्ये अभिनेत्री मेरिलिन मन्रो गेली आणि त्याच वर्षी 'गोल्ड मेरिलिन मन्रो' आले. भला मोठा सोनेरी पट आणि मधोमध तिचा छोटासा चेहरा. ज्याने संतांची ती भिंत पाहिली आहे, त्याला हे चित्र कुठून आले ते सांगावे लागत नाही. श्रद्धेचे म्हणाल, तर अखेरच्या वर्षांत त्याने लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'वर शंभराहून अधिक कामे केली. १९८७ च्या जानेवारीत त्यांतली काही मिलानमध्ये लागली आणि २२ फेब्रुवारीला तो गेला. सणासुदीला न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये तो बेघरांच्या पंगतीत वाढायला जात असे. पुष्कळांना हे कळले ते त्याच्या स्मरणसभेत.

'हात नाही' हा आरोप मला सर्वांत जास्त लागला. सूपचे ते डबे त्याने ब्रशने रंगवले होते आणि त्यांच्या तळाची नक्षी हाताने शिक्के मारून उठवली होती. आपल्याला यंत्र व्हायचे आहे, असे तो स्वतःच १९६३ साली म्हणाला होता. समीक्षक ते वाक्य घेऊन बसले. पण हा हात त्याला कुठून मिळाला? जूलिया पत्र्याचे रिकामे डबे कापून त्यांची फुले करी आणि चार पैसे जोडी. अँडी आठ वर्षांचा असताना कोरिया या मज्जाविकाराने अंथरुणाला खिळला, तेव्हा रंगवायच्या वह्या देऊन तिनेच त्याला गुंतवून ठेवले. पुढे ती न्यूयॉर्कला येऊन जवळजवळ वीस वर्षे त्याच्याजवळ राहिली. त्याच्या जाहिरातींवरचे, पुस्तकांवरचे वळणदार अक्षर तिचेच. इंग्रजी तिला फारसे येत नव्हते. १९५४ च्या मांजरांच्या पुस्तकाचे नाव लिहिताना 'नेम्ड' या शब्दातले शेवटचे अक्षर तिच्याकडून गळाले. अँडीने ते दुरुस्त केले नाही. पुस्तक तसेच छापले.

या गळालेल्या अक्षरात मला वॉरहॉलची सगळी कला दिसते. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात लग्नपत्रिकांची स्क्रीन छपाई चाले. चौकटीला ताणलेली जाळी, वर शाईचा ओघळ, मग रबरी पट्टी एका दमात खाली ओढायची. दाब कमी पडला की अक्षर फिके येई. दुसऱ्या रंगाच्या वेळी कागद केसभर हलला की गणपतीचे गंध कपाळाबाहेर जाई. ती पत्रिका रद्दीत पडे. १९६२ पासून वॉरहॉल याच रीतीने कॅनव्हासवर छापू लागला आणि आमचे छपाईवाले जे फेकून देत ते त्याने ठेवले. मेरिलिनच्या ओठांचा रंग ओठांबाहेर सरकतो, एका रांगेत चेहरा काळवंडतो, पुढच्या रांगेत विरत जातो. एकाच कामातल्या पन्नास चेहऱ्यांत एकही दुसऱ्यासारखा नाही. हा माणसाच्या मनगटाचा पुरावा आहे.

इथवर मी निःशंक होतो. पण लिहिता लिहिता एक नाव आडवे आले आणि माझी बाजू मला पुन्हा तपासावी लागली.

ते नाव जेम्स हार्वे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत वॉरहॉलने ब्रिलो या भांडी घासायच्या साबणी चोथ्यांच्या खोक्यांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या. तत्त्वज्ञ आर्थर डांटो ते पाहून हादरले. दुकानातला खोका आणि हा खोका डोळ्यांना सारखाच दिसतो, मग एक कला का आणि दुसरा का नाही? त्यांचे उत्तर असे की हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो कलेच्या इतिहासाच्या आणि सिद्धान्ताच्या जाणिवेतून येतो. या प्रश्नाने कलेचे तत्त्वज्ञान हलले, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे मीही त्यावर पोसलो. पण दुकानातला तो खोकासुद्धा कुणीतरी घडवला होता. त्याचे लाल-निळे रूप हार्वेचे. तो स्वतः अमूर्त चित्रकार होता आणि पोटासाठी वेष्टने करत होता. १९६५ मध्ये तो गेला. डांटोंनी पुढे त्याच्याविषयी लिहिले, तरी तो प्रश्न जगभर शिकवला जातो तेव्हा हार्वे बहुधा वर्गाबाहेरच राहतो.

म्हणून न्यायालयाचा निकाल मी नव्याने वाचला. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचे छायाचित्र काढले. १९८४ साली एका मासिकाने त्यावरून एकदाच चित्र करण्यासाठी त्यांना ४०० डॉलर दिले. ते चित्र वॉरहॉलने करायचे होते; त्याने त्या छायाचित्रावरून १६ कामे केली. २०१६ साली प्रिन्स गेल्यावर त्यांतले एक पुन्हा छापण्यासाठी वॉरहॉलच्या प्रतिष्ठानाला १०,२५० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथना पैसाही नाही, श्रेयही नाही. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणाले की 'रास्त वापर' या सवलतीची पहिली कसोटी, म्हणजे वापराचा हेतू आणि स्वरूप, प्रतिष्ठानाच्या बाजूने जात नाही. वॉरहॉल चोर आहे, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही. पण निकाल मला योग्य वाटतो, हेही इथे नोंदवतो. संतचित्रे काढणारा परंपरेतून घेतो, तेव्हा सहसा स्वतःची सही करत नाही. वॉरहॉलने घेतले आणि त्याचे नाव सहीपेक्षा मोठे झाले. २०२२ मध्ये त्याची एक मेरिलिन १९.५ कोटी डॉलरला गेली. ज्याचे नाव इतके चालते, त्याच्यावर इतरांच्या नावांचे देणे असते.

समीक्षकांना माझे उत्तर हे. वॉरहॉलला मूळ होते, श्रद्धा होती, हात होता, आणि त्या हातात दुसऱ्यांचे हात होते. १९५८ साली 'द स्टोरी ऑफ मूनडॉग' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरच्या अक्षरांना पुरस्कार मिळाला. तो कुणाला, तर 'अँडी वॉरहॉलच्या आईला'. तिचे स्वतःचे नाव तिथेही नव्हते. वाचकहो, यापुढे वॉरहॉलविषयी बोलाल तेव्हा आणखी तीन नावे घ्या: जेम्स हार्वे, लिन गोल्डस्मिथ, जूलिया वॉरहोला.