खोडलेली नोंद

तहसील कचेरीच्या अभिलेखागारात तीस वर्षे काढून निवृत्त झालेले आमचे अण्णा रग्बीसारख्या परक्या खेळावर कधी बोलतील असे मला वाटले नव्हते. परंतु ज्या संध्याकाळी मी त्यांना डॅली मेसेंजर या सिडनीच्या खेळाडूची हकिकत सांगितली, त्या संध्याकाळी दिवेलागण होऊन गेली, घरातून जेवणाची हाक दोनदा आली, तरी आम्ही ओसरीवरून उठलो नाही.

हकिकत अशी. मेसेंजरचा जन्म 1883 सालचा. बाप नौका बांधणारा; मुलगाही त्याच कामात. 1907 साली न्यूझीलंडचा संघ सिडनीस आला, तेव्हा मैदानावर पन्नास हजारांहून अधिक लोक लोटले, पण दरवाजावर जमलेल्या गल्ल्यातील दमडीही खेळाडूने घेऊ नये असा खेळाचे नियमन करणाऱ्या रग्बी युनियनचा दंडक होता, कारण रग्बी हा हौशी सद्गृहस्थांचा खेळ मानला जाई. त्याच सुमारास ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू मैदानात जायबंदी झाला, आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई त्यास कोणी दिली नाही. असंतुष्ट मंडळी एकत्र आली. त्यांत जेम्स गिल्टिनन होता, आणि ज्याचे नाव आपल्याकडील जुने क्रिकेटरसिक आजही आदराने घेतात तो व्हिक्टर ट्रंपरही होता. त्यांनी ऑगस्टमध्ये नवी संस्था स्थापन केली व मेसेंजरशी बोलणे लावले. त्याने निर्णय आईवर सोपविला आणि आईने होकार दिला, असे सांगतात. तो मोबदला घेऊन खेळला, न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, आणि युनियनने त्याचे नाव व त्याने मिळविलेले गुण आपल्या दफ्तरातून खोडून टाकले.

"म्हणजे करार मोडला," अण्णा म्हणाले. "पैसा घेणार नाही ही अट ठाऊक असतानाच तो मैदानात उतरला होता ना? आणि मास्तर, ती अट क्षुद्र समजू नका. जे कर्म मनुष्य मोबदल्यावाचून करतो, त्यात तो कोणाचाही चाकर नसतो. एकदा बिदागी ठरली की ती देणाऱ्याची मर्जी आलीच."

"अट उदात्त आहे, अण्णा, पण ती कोणी घातली हेही पाहावयास हवे. इंग्लंडात यॉर्कशायर-लँकेशायरकडील गिरणीकामगारांनी आणि खाणकामगारांनी इतकेच मागितले होते, की सामन्यासाठी कामावर खाडा पडला तर तेवढी मजुरी भरून द्यावी. 1893 साली तेथील युनियनच्या लंडनच्या सभेत तो ठराव 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळला गेला. तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. खाड्यापोटी त्यांनी मंजूर केलेली कमाल रक्कम होती दिवसाला सहा शिलिंग."

'खाडा' हा शब्द ऐकताच अण्णांचा स्वर मऊ झाला. ते म्हणाले, "रोजंदारीवरच्या माणसांचे खाडे मी स्वतः मांडले आहेत. शनिवारी एक फुली पडली की सोमवारी त्याच्या घरी काय शिजते, हे फुली मांडणाऱ्यास कळत नाही असे नाही. खाड्याची भरपाई म्हणजे कमाई नव्हे. ती नुकसानीची पूर्ती. येथवर मी तुमच्याबरोबर आहे."

मी त्यांना कलकत्त्याच्या रग्बी क्लबाची गोष्ट सांगितली, कारण ती या वादातच बसणारी आहे. तो क्लब मोडावयाचा झाला तेव्हा त्याच्या सभासदांनी खात्यावरचे चांदीचे रुपये काढून, ते वितळवून एक सुंदर चषक घडविला आणि 1878 साली इंग्लंडच्या युनियनला अर्पण केला. इंग्लंड व स्कॉटलंड आजही त्या चषकासाठी खेळतात. ज्यांना रुपये वितळविता येतात, त्यांना पैशाने खेळ विटाळतो असे म्हणणे जड जात नाही.

"ते खरे," अण्णा म्हणाले, "पण तुम्ही मला गिरणीकामगार दाखवून मेसेंजरला त्याच्या आड उभा करीत आहात. बापाच्याच कारखान्यात काम करणाऱ्या या मुलाचा कोणता खाडा पडत होता? अन्याय झाला बर्डनवर आणि सौदा झाला मेसेंजरशी. ज्याच्यावर आपत्ती आली नाही, त्याने दुसऱ्याच्या आपत्तीचे निमित्त करून पैसा घ्यावा काय?"

या प्रश्नाने मी अडलो, आणि अजूनही थोडासा अडलेलाच आहे. मी म्हणालो, "बर्डनसाठी कोणी तिकीट काढले नसते. ज्याला पाहण्यास लोक येतात तो आल्यावाचून नवी संस्था एक हंगामही टिकली नसती, आणि ती न टिकती तर पुढच्या जायबंदी माणसाला विचारणारे कोणीच उरले नसते. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघातील कित्येक जण वर्षभरात त्याच वाटेने गेले."

"मागून किती जण गेले हा पहिल्याच्या कृत्याचा खुलासा होत नाही."

"नाही होत. जुन्या सोबत्यांचे तो काही देणे लागत होता, हे मी नाकारीत नाही. युनियनचे मात्र लागत होता असे मला वाटत नाही. गल्ला तिने घेतला होता."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम त्यांनी विचारले, "खोडले म्हणजे नक्की काय केले? तांबड्या शाईने शेरा मारला, की नोंदच काढली?"

"नोंदच काढली."

"हे मात्र वाईट झाले!" अण्णा ताठ बसले. "त्याला मैदानात येऊ न देण्याचा हुकूम काढता आला असता, कसूर केली म्हणून बडतर्फ करता आले असते. पण झालेली गोष्ट झालीच नाही असे लिहिणे ही शिक्षा नव्हे, तो खोटा दस्तऐवज होय. दफ्तर कचेरीच्या ताब्यात असते, मालकीचे नसते. ज्या दिवशी त्याने ते गुण मिळविले त्या दिवशी हजारो माणसे बसून पाहत होती. त्यांच्या डोळ्यांवर बोळा कोण फिरविणार?"

1995 साली युनियनने स्वतःच मोबदल्यावरील बंदी उठविली, आणि मेसेंजरच्या नोंदी परत दाखल झाल्या त्या 2007 मध्ये, मी सांगितले. तो 1959 सालीच वारला होता.

"शंभर वर्षे," अण्णा पुटपुटले. आतून तिसरी हाक आली. उठता उठता ते थांबले. "आणि त्या बर्डनचे पुढे काय झाले?"

"1908 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला व्यावसायिक संघ इंग्लंडला गेला, त्यात मेसेंजर होता आणि बर्डनही होता."

"एकाच संघात?"

"हो."

"मग दोघांची नावे एकाच पानावर असतील," अण्णा म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत आत गेले.