जन्मतारीख पूर्ण लिहा

२०२१च्या सप्टेंबरात ब्रिटनने भारतीय प्रवाशांपुढे अजब पेच टाकला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड लस मान्य, पण ती घेतल्याचं भारताचं प्रमाणपत्र अमान्य. कारणं पुढे आली त्यात एक असं, की लसनोंदणीच्या कोविन पोर्टलच्या कागदावर पूर्ण जन्मतारीख नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या सेनगावच्या माणसाला या बातमीचं हसूच येणार. आमच्याकडे साठीच्या पुढची कितीतरी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली, ती आयुष्यभर चिकटली. जे शाळेतच गेले नाहीत त्यांना आधारने १ जानेवारी दिली. आईला विचारलं तर ती सांगणार, पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास. लंडनच्या विमानतळावर १ जून चालली असती, कारण ती पूर्ण होती. खरी आहे का, हा प्रश्न त्यांच्या रकान्यात नव्हताच.

ब्रिटनच्या या वागणुकीचा आपल्याला राग आला आणि तो रास्त होता. त्याआधी १ जुलैला युरोपीय संघाचा कोविड पास सुरू झाला, तेव्हाही असाच प्रकार झाला होता. तिकडे तयार झालेली अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस यादीत होती, त्याच सूत्राची पुण्यातली लस नव्हती. मग एकेका देशाने आपापल्या मर्जीने कोविशिल्डला दार उघडलं. ब्रिटनला मात्र आपण जशास तसं उत्तर दिलं. ४ ऑक्टोबरपासून तिथून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना, लस घेतलेली असली तरी, दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटन नमलं. परदेशात फिरायला जाणाऱ्याच्या पाठीशी अख्खं परराष्ट्र मंत्रालय उभं राहिलं.

सेनगावहून रिसोडला जाणाऱ्याच्या पाठीशी कोण होतं?

रिसोड जवळच आहे, पण जिल्हा वाशीम. पलीकडे विदर्भ लागतो. इकडच्या लोकांची सोयरीक, बाजार, दवाखाना असं बरंच काही तिकडे. २०२०च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, ही सीमा एकदम खरी झाली. पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पासचा अर्ज भरायचा, सोबत फोटो, आधार आणि डॉक्टरांचा दाखला. ज्याच्याकडे साधा बटनांचा फोन, तो मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात जाणार. तिथला पोरगा विचारणार, ‘काका, कारण काय टाकू?’ मयत असली तर काम सोपं. लेकीला दिवस भरत आलेत आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही, हे कोणत्या रकान्यात बसवायचं? २२ ऑगस्टला केंद्राच्या गृहसचिवांनी राज्यांना कळवलं, की राज्याच्या आतल्या प्रवासावर बंधन नको. महाराष्ट्रात ई-पास २ सप्टेंबरला गेला आणि २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा आला. त्यावर कुणी निषेधखलिता धाडल्याचं ऐकिवात नाही.

याहून बोचणारी गोष्ट डोसांच्या अंतराची. मे २०२१मध्ये कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. कारण शास्त्रीय सांगितलं गेलं, आपण ते मानलं. जूनमध्ये शिक्षणाला, नोकरीला किंवा ऑलिंपिकला परदेशी जाणाऱ्यांसाठी तेच अंतर २८ दिवसांवर आलं. त्यांची निकड खरी होती, मान्य. पण शरीर तर दोघांचं सारखंच!

मी पासच नको म्हणणाऱ्यांपैकी नाही. पीतज्वराचं पिवळं पुस्तक आफ्रिकेतून येणाऱ्याकडे आपणही मागतो. ती लस एकदा घेतली की जन्मभर पुरते, म्हणून त्या कागदाला वजन आहे. कोविडची लस जीव वाचवत होती, ती घ्यायलाच हवी होती. पण ओमिक्रॉन लस घेतलेल्यांतही पसरला, तेव्हा दारावर लसीचं प्रमाणपत्र पाहून आतल्यांना कसली खात्री मिळत होती? २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लसीची सक्ती करता येणार नाही, आणि त्या घडीला लस न घेतलेल्यांवरची बंधनंही समर्थनीय नाहीत. तोवर राज्यातले निर्बंध उठूनही गेले होते.

मराठवाड्यात लसीकरण मागे पडलं होतं, हे खरं. त्यावर औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१मध्ये लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश काढला. आमच्या हिंगोलीच्या नगरपरिषदेने लस घेणाऱ्यांसाठी सोडत ठेवली, बक्षिसात एलईडी टीव्ही. त्यावर विनोद पुष्कळ झाले. मला मात्र रेशनच्या धाकापेक्षा टीव्हीचं आमिष केव्हाही बरं वाटतं, कारण ज्याला टीव्ही लागला नाही तो उपाशी राहत नाही.

पुढच्या साथीत पास येणारच. तो कोणत्या तारखेला संपणार आणि नाकारला तर सेनगाव तहसीलमध्ये कोणत्या टेबलावर दाद मागायची, एवढं तरी त्याच्यावर छापलेलं असलं पाहिजे, आणि ही मागणी साथ नसताना, म्हणजे आत्ताच करायला हवी.