वाचलेली मिनिटे कोणाची?

मुंबईचा सागरी किनारा रस्ता मार्च 2024 मध्ये अंशतः खुला झाला. लांबी 10.58 किलोमीटर, खर्च सुमारे 14 हजार कोटी रुपये. एवढ्या खर्चाच्या समर्थनार्थ पुन्हा पुन्हा पुढे केलेला मुद्दा वेळेचा होता : पाऊण तासाचा प्रवास दहा मिनिटांत. मुद्दा गैर नाही. वेळ हा पैसाच आहे, आणि सार्वजनिक खर्चाने लोकांचा वेळ वाचत असेल तर तो जरूर मोजावा. प्रश्न एवढाच, की ही मोजदाद थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत का पोहोचत नाही?

शाश्वत वाहतुकीची आपली चर्चा अजून इंजिनाभोवतीच घुटमळते आहे. पेट्रोलऐवजी सीएनजी, सीएनजीऐवजी बॅटरी. खरे तर विजेवरची सार्वजनिक वाहतूक मुंबईला नवी नाही. 7 मे 1907 ला इथे विजेची ट्राम सुरू झाली आणि 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम गेली, तेव्हा गेले ते धूर न सोडणारे वाहनच होते. म्हणजे वीज आपल्याकडे होती. रस्ता कोणाला द्यायचा याचा निर्णय वेगळा झाला.

बॅटरीवरच्या मोटारीने गल्लीतला धूर कमी होतो, हे मान्य. पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, टायर-ब्रेकची धूळ उरतेच, आणि ती मोटार जागा अडवते पेट्रोलच्या मोटारीएवढीच. सगळी वाहने उद्या विजेवर धावू लागली, तरी सायनची किंवा अंधेरीची कोंडी तशीच राहील. फक्त तिला धुराचा वास नसेल.

म्हणून हिशेब इंजिनाचा न मांडता बसच्या फेरीचा मांडून पाहू. समजा, एक मार्ग जाऊन-येऊन 20 किलोमीटरचा आहे आणि दर दहा मिनिटांनी बस हवी आहे. बसचा सरासरी वेग ताशी 15 किलोमीटर असेल, तर एक फेरी 80 मिनिटांत होते आणि 8 बस पुरतात. कोंडीमुळे वेग 10 वर आला, तर फेरीला 120 मिनिटे लागतात आणि त्याच सेवेला 12 बस लागतात. चार बस जास्त, त्यांचे चालक जास्त, आगारातली जागा जास्त, आणि प्रवाशाला एका मिनिटाचाही फायदा नाही. बस चालवणाऱ्या उपक्रमाकडे त्या चार बस नसतात. मग दहा मिनिटांची बस पंधरा मिनिटांनी येते.

पुढचे बसने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उशिरा आलेल्या बससाठी रांग वाढलेली असते, चढ-उतारात ती आणखी रेंगाळते, मागची बस रिकामी धावत तिला गाठते. अर्धा तास काहीच नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन बस एकापाठोपाठ. कंटाळलेला माणूस शेअर रिक्षा धरतो किंवा हप्त्यावर दुचाकी घेतो. रस्त्यावर आणखी एक वाहन येते आणि बसचा वेग आणखी उतरतो. बससाठी स्वतंत्र मार्गिका हवी ती हे चक्र तोडण्यासाठी. रस्त्यावर आखलेला आणि कडकपणे राखलेला एक पट्टा, नवी बस विकत न घेता चार बसचे काम करतो.

पण बसच्या वाट्याला वेगळाच हिशेब येतो : तोट्याचा. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाचा वीज विभाग एके काळी परिवहन विभागाला तारून नेई. 2003 च्या विद्युत कायद्यानंतर बदललेल्या नियमनात ती सोय हळूहळू संपली, आणि बस महापालिकेच्या अनुदानावर आली. 2025-26 च्या अर्थसंकल्पात पालिकेने बेस्टसाठी 1,000 कोटी ठेवले. एकूण अर्थसंकल्प होता 74,427 कोटींचा. शंभर रुपयांतला सव्वा-दीड रुपया. रस्त्यावरच्या दिव्याला कोणी नफा विचारत नाही. बसला मात्र दरवर्षी विचारतात.

जुलै 2019 मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी परत आले. बसचा ताफा मात्र वाढला नाही. 2010 च्या सुमारास चार हजारांवर असलेला आकडा तीन हजारांच्याही खाली गेला. मे 2025 मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. उरलेल्या ताफ्यातल्या बहुतेक बस आता कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावरच्या आहेत. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात अशाच एका विजेच्या बसने माणसे चिरडली, तेव्हा कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न पुढे आला. बस विजेची झाली म्हणजे सेवा सुधारली असे होत नाही. चालवणारी माणसे आणि देखभाल यांसाठीही पैसा लागतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : आता मेट्रो आहे ना? मेट्रो हवीच. पण स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बसच पुरा करते. ती नसेल तर मेट्रोचा प्रवासीही रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. दुसरा आक्षेप पुण्याचा. 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची बससेवा, सुरू झाली, देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक, आणि आज तिचे नाव अपयशाचा दाखला म्हणून घेतले जाते. पण तुकड्यातुकड्यांत बांधलेली, चौकात तुटणारी, दुचाक्या सर्रास घुसणारी मार्गिका चालली नाही, यावरून मार्गिकाच चुकीची असे ठरत नाही. अर्धवट केलेल्या कामावर आपण कल्पनेच्याच अपयशाचा शिक्का मारला.

त्याच 2006 साली केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले, की वाहने नव्हे, माणसे हलवायची आहेत. लंडनने 2003 पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर आकार लावला आणि तो पैसा वाहतूक सुधारण्याकडे, प्रामुख्याने बसकडे वळवला. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा दाखवल्याखेरीज मोटार घेता येत नाही. या दोन्ही ठिकाणी मोटारीवर बंदी नाही. तिने व्यापलेल्या जागेची किंमत तिच्या मालकाकडून घेतली जाते. आपल्याकडे फुकट पार्किंग हे अनुदानच आहे, फक्त ते कुठल्या अर्थसंकल्पात छापले जात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. रस्त्याच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात दोन आकडे सक्तीचे असावेत : ताशी किती माणसे जातील, आणि त्यांत बसमधल्या माणसांची किती मिनिटे वाचतील किंवा वाया जातील. गोवंडीहून दादरला कामाला जाणाऱ्या बाईची वीस मिनिटे मोटारीतल्या वीस मिनिटांइतक्याच किमतीने मोजली गेली, तर बसच्या मार्गिकेसाठी वेगळी वकिली करावी लागणार नाही. आकडेच तिची बाजू मांडतील. आणि तरीही तो पट्टा आखला गेला नाही, तर पैसा नव्हता ही सबब तरी कोणाला सांगता येणार नाही.