चरित्रातून वगळलेला झगडा

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे कुमारांसाठी लिहिलेले चरित्र बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्म, बेताची परिस्थिती, अभ्यासातली हुशारी, विलायतेत एडिंबरा आणि ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी, मग श्री शिवाजी शिक्षण संस्था, केंद्रात कृषिमंत्रिपद आणि 1965 साली निधन. यातले काहीही खोटे नाही. पण 1926 साली परतलेला हा तरुण वऱ्हाडात कोणाशी आणि कशासाठी भांडला, ते त्यातून कळत नाही. पुढाऱ्याच्या चरित्रातून राजकारण काढून घेतले की मागे एक गुणी विद्यार्थी उरतो. भिंतीवरच्या तसबिरीला तेवढे पुरते, वाचणाऱ्या मुलाला पुरत नाही.

झगडे मात्र भरपूर होते. अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना बंद होते. ते उघडावे या मागणीत पंजाबरावांचा पुढाकार होता. नोव्हेंबर 1927 मध्ये याच प्रश्नावर अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. विश्वस्तांना मुदत देऊन सत्याग्रह पुढे ढकलला गेला. त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. (याच विमलाबाई पुढे राज्यसभेवर गेल्या, बालचरित्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते.) 1928 साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. पुढे मध्य प्रांतात मंत्री असताना देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक आणले आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

कर्जाचा प्रश्न तर मुलांना सहज समजावा असा आहे. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र तसाच राहिला, त्यावर व्याज चढत गेले आणि गहाण पडलेली शेते हातची जाऊ लागली. पंजाबरावांनी ज्याचा पाठपुरावा केला, त्या मध्य प्रांताच्या 1933 च्या कर्ज लवाद कायद्याने कर्जदार आणि सावकार यांना एका मंडळासमोर बसवले. तिथे रक्कम कमी करून हप्ते बांधून देता येत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला व्याजाचे गणित शाळेत येतेच. हे प्रकरण त्याला ऑक्सफर्डच्या पदवीपेक्षा जवळचे वाटेल.

वादाने मुले गोंधळतात, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. तो फारसा टिकत नाही. मुले घरात, वर्गात, मैदानावर रोज बाजू घेत असतात. मोठ्यांचे मतभेद त्यांना नवीन नाहीत. दादासाहेब खापर्डे यांचेच पाहावे. 1897 च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष, टिळकांचे निकटचे सहकारी. पण गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही आणि ते कौन्सिलात गेले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी काँग्रेसचे मोठे पुढारी, पण स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते. 8 ऑगस्ट 1947 च्या अकोला करारात तर संयुक्त महाराष्ट्र हवा असणारे आणि विदर्भाची काळजी वाहणारे समोरासमोर बसले आणि एका प्रांतात दोन उपप्रांत अशी तोड निघाली. देशप्रेमी माणसांचेही एकमेकांशी पटत नसते, हे मुलांना यातून उपदेशाशिवाय कळते.

विरोधकांना खलनायक केले, तर मात्र हीच चरित्रे पुन्हा बिघडतील. मंदिर बंद ठेवणाऱ्यांना काय वाटत होते, सावकार आपली बाजू कशी मांडत होते, हेही दोन परिच्छेदांत यायला हवे. लेखकाची खरी कसोटी इथे आहे, कारण स्तुती कोणालाही लिहिता येते.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला 1969 पासून पंजाबरावांचे नाव आहे. ते विद्यापीठ अकोल्यात व्हावे म्हणूनही लोकांना आंदोलन करावे लागले होते. वऱ्हाडातल्या प्रकाशकांनी पुढचे कुमारचरित्र काढताना सन्मानांची यादी दोन पानांनी कमी करावी आणि ती पाने अंबादेवीला व कर्ज लवादाला द्यावीत.